बंदुकीवरचं गोंदण

बुलडाणा जिल्ह्यात लोक लोणारचं सरोवर बघायला जातात, शेगावला दर्शनाला जातात. आम्ही गेलो ऐंशी पार केलेल्या एका आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीवर काय लिहिलंय ते वाचायला!

कॉलेजमध्ये एनसीसी केलंयत? मग थ्री नॉट थ्री कधीतरी हातात आली असणारच. जवळपास चार किलोचं ते धूड घेऊन भर उन्हात 'बगल शस्त्र' करताना हात भरून यायचे. पण बोल्टच्या मागे, जिथे आपली मूठ बसते, तिथल्या लोखंडी कड्यावर उजव्या बाजूला काय कोरलंय ते कधी वाचलंत? एक मुकुट, दोन-तीन इंग्रजी अक्षरं, एक साल, एक आकडा आणि कधीकधी चक्क एक चांदणी. नाही ना वाचलं? उस्तादांच्या शिट्टीतून वेळच कुठे मिळायचा!

आणि तिकडे अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात असे हौशी लोक आहेत की जे याच जागेवर भिंग लावून बसतात. सैन्याने वापरून निवृत्त केलेल्या रायफली जमवणं हा तिकडे रीतसर छंद आहे, आपल्याकडे जुनी नाणी किंवा पोस्टाची तिकिटं जमवतात तसा. दोन रायफली लांबून जुळ्या बहिणी दिसतात. एक मिळते काहीशे डॉलरला, दुसरीला हजारो मोजावे लागतात. फरक असतो तो या गोंदणात.

माझ्या डोक्यात हे खूळ शिरलं ते एका मैत्रिणीमुळे. तिचं आजोळ बुलडाणा जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं, जळगाव जामोदकडचं. आजोबांकडे पिढीजात बंदूक आहे, लायसनसकट. तिच्या हिंजवडीतल्या मामेभावाने कुठेतरी वाचलं की जुन्या बंदुकांना परदेशात लाखो रुपये मिळतात. झालं! घरात चर्चा सुरू. आजोबांचं वय झालं, लायसन कुणाच्या नावावर करायचं, की बंदूक जमा करून टाकायची, की विकायची? मैत्रीण म्हणाली, चल, निदान तिच्यावर काय लिहिलंय ते तरी वाचून येऊ.

मुकुट, चांदणी आणि बाण

जाण्याआधी थोडा अभ्यास केला. (मास कॉमच्या दोन वर्षांत केला नसेल इतका!) थ्री नॉट थ्रीचं गोंदण वरून खाली वाचायचं. मुकुटाखाली राजाची अक्षरं असतात. 'ई.आर.' म्हणजे सातवा एडवर्ड, 'जी.आर.' म्हणजे जॉर्ज. भारतात, कोलकात्याजवळच्या इशापूरच्या कारखान्यात घडलेली असेल, तर 'जी.आर.आय.' दिसतं. हा शेवटचा 'आय' म्हणजे 'इम्पेरेटर', अर्थात सम्राट. इंग्लंडमध्ये तो नुसता राजा, इकडे मात्र सम्राट. गुलामीचा हा एवढासा पुरावा, एका अक्षराचा! स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, खाली 'आर.एफ.आय.', म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर.

त्याखाली मॉडेलचं नाव. तीनचा रोमन आकडा असेल तर ते १९०७ सालचं मार्क थ्री. आणि आकड्याशेजारी चांदणी असेल तर? आपल्याला वाटतं, चांदणी म्हणजे बढती. इथे उलटं आहे. पहिल्या महायुद्धात रायफली धडाधड हव्या होत्या, म्हणून १९१६ मध्ये लांब पल्ल्याची जादा माशी, काडतुसं अडवणारी पट्टी अशा काही गोष्टी वगळायला परवानगी मिळाली. ती काटकसर दाखवायला चांदणी.

मग येतो बाण. वर टोक केलेला, तीन रेघांचा छोटासा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील, तर सरकारने ती विकून टाकली असं समजायचं. सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदीसारखंच हे, मालक बदलला की खूण पडते. 'डी.पी.' अशी दोन अक्षरं असतील तर ती फक्त कवायतीची रायफल, गोळी झाडायला नाही. एनसीसीवाल्यांनो, आठवतंय का काही?

सगळ्यात महत्त्वाचं मात्र नंबर. रायफलच्या मुख्य भागावर, नळीवर, बोल्टच्या दांड्यावर, पुढच्या टोपणावर, सगळीकडे एकच नंबर असायला हवा. सेकंडहॅण्ड बाइक घेताना आपण आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चासिस नंबर ताडून बघतो ना, अगदी तसंच. सगळे नंबर जुळले की भाव वर जातो. बोल्ट दुसऱ्याच रायफलचा निघाला की खाली. दुसऱ्या महायुद्धातली दुर्बीणवाली नंबर फोर, तिच्या मूळ दुर्बिणीसकट आणि जुळत्या नंबरांसकट मिळाली, तर संग्राहक हजारो डॉलर मोजतात. त्यातली दुर्बीण वेगळ्या नंबरची असली तर तोंडं पडतात.

आणि जिथे भाव आहे तिथे डुप्लिकेट आहेच. खैबर खिंडीकडच्या गावठी कारखान्यांतून पिढ्यान्‌पिढ्या ब्रिटिश रायफलींच्या नकला निघाल्या. कारागीर हुशार, पण इंग्रजी न येणारे. म्हणून इंग्रजी 'एन' उलटा पडतो, स्पेलिंग चुकतं. माझा आवडता पुरावा तर भन्नाट आहे. रायफलवर व्हिक्टोरिया राणीचं 'व्ही.आर.' आणि खाली साल १९०१ च्या पुढचं. राणी १९०१ च्या जानेवारीतच वारली हे त्या बिचाऱ्यांपर्यंत पोचलंच नसावं!

रेल्वेच्या खिडकीतून

मुंबईहून मलकापूरला जाताना भुसावळ मागे पडलं की वरणगाव लागतं. जेमतेम नजरेत भरणारं स्टेशन. पण इथली आयुध निर्माणी १९६० च्या दशकापासून बंदुकीची काडतुसं बनवते आहे. काडतुसाच्या बुडावर 'ओ.एफ.व्ही.' ही अक्षरं दिसली की ते इथलं. पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना तर १८६९ चा. त्याचा शिक्का 'के.एफ.', म्हणजे किर्की फॅक्टरी. महायुद्धांमध्ये थ्री नॉट थ्रीच्या पितळी पुंगळ्यांवर हे खडकीचं नाव जगभर फिरलं. आज दोन्ही कारखाने २०२१ मध्ये झालेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. रायफलीत गोळी कुठली होती हे सांगणारा तो इवलासा गोल, एक-दोन मिलिमीटरची अक्षरं. सगळ्या गाडीत या माहितीने आनंदित झालेली मी एकटीच होते. समोरच्या काकू भुसावळची केळी सोलत होत्या.

मलकापूरला उतरून राजूर घाट चढला की बुलडाणा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं हे गाव विदर्भात असून विदर्भासारखं तापत नाही. संध्याकाळी तर मस्त गार. ब्रिटिशांनी जिल्ह्याचं ठाणं इथे का केलं ते घाट चढताच कळतं.

ठाण्यावरून आठवलं. जुन्या पोलिसांच्या तोंडी 'मस्केट' हा शब्द असतो. पिक्चरमधली तीन बंदूकबाजांची मस्केट नव्हे, तर .४१० बोअरची. बाहेरून डिट्टो थ्री नॉट थ्री, पण आतून वेगळीच. इशापूरला थ्री नॉट थ्रीच्या नळीतले पीळ काढून ती गुळगुळीत करायची, एका वेळी एकच काडतूस बसेल असं करायचं, आणि ती पोलिसांना, तुरुंगाच्या पहाऱ्याला द्यायची. काडतूसही मुद्दाम वेगळ्या मापाचं. म्हणजे सैन्याची काडतुसं हाती लागली तरी यात चालू नयेत!

हा अविश्वास जुना होता. १८५७ मध्ये एनफिल्डच्या काडतुसावरून भडका उडाला, आणि त्यानंतर हिंदी पलटणींना पीळ नसलेल्या, कमी पल्ल्याच्या बंदुका देण्यात आल्या. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातातलं शस्त्र लायसनखाली आणलं. कुणाच्या हातात किती पल्ल्याची बंदूक द्यायची, याचं राजकारण नळीच्या आत कोरलेलं होतं. बाहेरचं गोंदण बघून ते कळत नाही, त्यासाठी नळीत डोकवावं लागतं.

थ्री नॉट थ्री स्वतःही फार टिकली. २००८ च्या २६ नोव्हेंबरला सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हातात काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तिला समारंभाने निरोप दिला.

'कोनाची व्हती ते सांग'

दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान ओलांडून जळगाव जामोदच्या बाजूला गेलो. उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत. पलीकडे मध्य प्रदेश. मधल्या पट्ट्यात कापूस, तूर, सोयाबीन आणि रात्री शेतात घुसणारे रानडुकरांचे कळप नि रोही. शहरातून येताना आपल्याला रोही दिसला की आपण मोबाइल काढतो. इथले लोक कपाळाला हात लावतात.

म्हणून ही बंदूक. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. नळीच्या तोंडातून दारू ठासायची, टोपी लावायची आणि बार काढायचा. आजोबांनी तो आयुष्यभर बहुतेक हवेतच काढला. जनावर मारायचं म्हटलं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि नुसता आवाज झाला तरी कळप पळतो, हा त्यांचा हिशेब. इलेक्शन आलं की बंदूक ठाण्यात जमा, निकाल लागला की परत. आचारसंहितेच्या तारखा त्यांना पुढाऱ्यांपेक्षा जास्त पाठ आहेत.

त्यांनी बंदूक माझ्यासमोर धरली. "पाह्य माय, काय लेहेलं हाय त्याच्यावर. मले तं इंग्रजी येत नाही."

घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर मुकुट होता. पुसट, पण होता. पुढे मोठ्या अक्षरांत 'टॉवर'. माझी तर धडधड वाढली! टॉवर म्हणजे लंडनचा टॉवर, एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश लष्करी बंदुकांवरची प्रसिद्ध खूण. त्याआधी ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर पानाच्या आकाराचं, चार भाग केलेलं बदामाचं चिन्ह असायचं; नंतर मागच्या पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह आला. ते दोन्ही इथे नव्हतं. सालही घासून गेलेलं.

मग नळी पाहिली. तिच्यावर लष्करी परीक्षेचा एकही ठसा नाही, सरकारी बाणही नाही. दस्ता सागवानी, गावच्या सुताराच्या हातचा, दोन ठिकाणी पितळी पत्रा ठोकलेला. म्हणजे लॉकची पट्टी कुठल्यातरी जुन्या लष्करी बंदुकीची, किंवा तिची नक्कल, आणि बाकी सगळं देशी जोडकाम. संग्राहकाच्या भाषेत हिची किंमत जवळपास शून्य. त्याला जुळते नंबर हवेत, इथे तर जुळतं काहीच नाही.

नाही म्हणायला नळीच्या मुळाशी एक नंबर होता. हातोडीने एकेक आकडा ठोकलेला, मधला पाच वाकडा. दिसायला सगळ्यात ओबडधोबड खूण. पण आजोबांच्या लायसनच्या पुस्तकात तोच नंबर, आणि ठाण्याच्या प्रत्येक जमा-पावतीवरही तोच. खामगावला चांदी घेताना आपण आधी शिक्का बघतो. इथला शिक्का हाच. राणीच्या मुकुटाने या बंदुकीला काही मिळालं नसेल, पण या वाकड्या पाचाने तिला घरात राहू दिलं. कायद्याचं आठवं कलम सांगतं, बंदुकीवरचं नाव, नंबर, खूण खोडायची नाही, बदलायची नाही, खोटी कोरायची नाही. आणि खूण नसलेली बंदूक विकायचीही नाही.

मी भीतभीत सांगितलं, आजोबा, परदेशात हिचे फार पैसे येणार नाहीत. ते हसले. "इकाची कोनाले हाय? कोनाची व्हती ते सांग."

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बंदुकीवरही नव्हतं.

डोंगरापलीकडची बंदूक

हा नंबर इतका महत्त्वाचा का, ते याच पट्ट्यात नीट समजतं. सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशातलं पाचोरी, गावठी पिस्तुलांच्या बातम्यांत वारंवार येणारं गाव. तिकडून निघालेला माल घाट उतरून संग्रामपूर तालुक्यात येतो आणि सोनाळा पोलिसांच्या कारवाईची बातमी पेपरात येते. या कट्ट्यांवर नंबर नसतो. असलं तर गमतीशीर काहीतरी, 'मेड इन यूएसए' वगैरे! खैबरचा उलटा 'एन' आणि हा यूएसएचा ठप्पा, दोघांचा फंडा एकच. फरक इतकाच की खैबरची नक्कल आता शोकेसमध्ये जाते आणि यातून कुणाचातरी जीव जातो. नंबर नाही म्हणजे मालक नाही, पावती नाही, कुणाला विचारायचं तेही नाही.

आता मामेभावाच्या लाखांचं काय? त्याचं गणित पुरतं चुकीचं नव्हतं, फक्त त्याने देश चुकवला. परदेशी बंदुकांची आयात सामान्यांसाठी १९८० च्या दशकात बंद झाली. त्यामुळे त्याआधी आलेली वेब्ली अँड स्कॉट किंवा ग्रीनर भारतात मूळ देशापेक्षा कितीतरी महाग विकली जाते. तीही लायसनवाल्यानेच लायसनवाल्याला, रीतसर परवानगीने. थ्री नॉट थ्री आणि ७.६२ या लष्करी बोअरच्या रायफली तर 'प्रोहिबिटेड'. तुम्हा-आम्हाला इशापूरने दिली ती .३१५ स्पोर्टिंग रायफल. अंगाने थ्री नॉट थ्रीचीच बहीण, बोअर फक्त वेगळा. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे टेक्सासच्या गिऱ्हाइकाचं स्वप्न तिथेच खलास.

गंमत म्हणजे आपल्या इशापूरच्याच किती रायफली आज टेक्सासात असतील! १९६२ च्या चीन युद्धानंतर इशापूरने थ्री नॉट थ्रीच्या धर्तीवर ७.६२ ची 'टू ए' आणि मग 'टू ए वन' काढली, बारा गोळ्यांच्या चौकोनी मॅगझिनवाली. निवृत्त झाल्यावर त्या अमेरिकेत आयात झाल्या. तिथल्या कायद्याने आयातदाराला स्वतःचं नाव-गाव नळीवर कोरावं लागतं, म्हणजे गोंदणात आणखी एका ओळीची भर. संग्राहक त्यावर नाक मुरडतात.

नेपाळचं तर विचारूच नका. २००३ मध्ये दोन अमेरिकन कंपन्यांनी काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना साठा उचलला, पन्नास हजारांहून अधिक बंदुका. त्यातल्या कितीतरींवर पलटणीच्या खुणा नि आकडे देवनागरीत कोरलेले. तिकडचे संग्राहक आता भिंग लावून ४ कुठला आणि ५ कुठला ते शिकतात. आपण पहिलीत शिकलो ते!

आजोबांच्या बंदुकीचं पुढे काय, हे मात्र घरात अजून ठरायचंय. नियम त्यांच्या बाजूने आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार लायसनधारक सत्तरीचा झाला किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, तर वारसाच्या नावे लायसनसाठी अर्ज करता येतो. हिंजवडीवाल्याने अर्ज केला तर बंदूक घरात राहील. नाही केला तर ती ठाण्यात जाईल, आणि कुणी मागेच लागलं नाही तर एक दिवस भंगारात. मुकुट, टॉवर, वाकडा पाच, सगळं एकाच भट्टीत. मामेभावाने फोनवर विचारलं, "किती येतील?" बहिणीने सांगितलं, काहीच नाही. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "फॉर्म कुठे मिळतो?"

तुमच्याही घरात असेल तर

सुट्टीत गावच्या वाड्यात माळ्यावर एखादी बंदूक सापडली, तर एक लक्षात ठेवा. पॉलिश पेपर घेऊन गंज घासायला बसू नका, गंजाबरोबर खुणाही जातात. लायसन कुणाच्या नावावर आहे ते आधी शोधा आणि सरळ ठाण्याला कळवा. दुरुस्त होऊच न शकणारी, पार निकामी जुनी बंदूक कायद्याच्या ४५ व्या कलमाने वगळली आहे. पण ती निकामी आहे की नाही, हे ठरवणं आपलं काम नव्हे.

आणि बुलडाण्याला जाणार असाल, तर मलकापूर किंवा शेगावला रेल्वेने उतरणं सोपं. समृद्धी महामार्गाने आलात तर सिंदखेडराजा वाटेतच आहे. लखुजीराव जाधवांचा राजवाडा आणि काळाकोट निवांत बघा. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाची गर्दी असते, शांतपणे बघायचं असेल तर तो दिवस टाळा. त्याच तालुक्यात साखरखेर्डा आहे. १७२४ मध्ये इथेच निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाला लढाईत मारलं आणि पुढची सव्वादोनशे वर्षं दख्खनवर राज्य करणारं घराणं उभं राहिलं. तेव्हाच्या तोडेदार बंदुकांवर कारखान्याचे नंबर-बिंबर नसायचे. जुनी शस्त्रं बघायची हौस असेल तर पुढे नागपूरच्या अजब बंगल्यात, १८६३ च्या मध्यवर्ती संग्रहालयात जा. परतीच्या गाडीत शेगावची कचोरी घ्या, तळलेल्या मिरचीसकट. चार घ्या, दोन पुरत नाहीत.